रिकामा पट्टा

नेरूळला आमच्या बिल्डिंगसमोर बागेसाठी राखलेला प्लॉट होता. बाग कसली डोंबलाची! पुरुषभर गवत आणि पलीकडे खाडी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी आसपासच्या सोसायट्यांतले चार-पाच जण तिथे कुत्री मोकळी सोडायचे आणि कुणीतरी टाकून दिलेल्या सिमेंटच्या पाइपावर बसून गप्पा मारायचे. नाव-गाव कुणी विचारायचं नाही. एक अल्सेशियनवाल्या बाई, एक पामेरियनवाले बँकेतले गृहस्थ, आणि मी काळ्या कुत्र्याचा बाप.

बायको-मुलं दादरलाच राहिली होती, शाळा मध्येच बदलायला नको म्हणून. मी एकटा नवा फ्लॅट राखत बसलो होतो. काळं कुत्रं जवळच्या शिरवणे गावच्या बाजारातून मागे लागून आलं, तेवढीच काय ती घरात सोबत. ऑफिस सुटल्यावर मी जे काही बोलायचो ते त्या पाइपावर.

गणपतीनंतर माझा कुत्रा आजारी पडला आणि दोन दिवसांत गेला. शेजारच्या सारसोळे गावची एक मावशी आमच्या दारावर मासे घेऊन यायची. तिनंच घरून कुदळ आणली. खाडीच्या कडेला आम्ही दोघांनी त्याला पुरलं.

आठवडाभर घरात बसलो. घर खायला उठलं. शेवटी सवयीनं पट्टा उचलला आणि प्लॉटवर गेलो. बाईंनी विचारलं, "तुमचा कुठंय?"

"असेल की गवतात, जातोय कुठे!" तोंडातून निघून गेलं.

खरं सांगितलं असतं तर दोन दिवस अरेरे केलं असतं. पण मग कुत्रं नसलेल्या माणसाचं तिथे काम काय? म्हणून रोज तेच. चाळिशीतला घोडा मी, आणि शाळकरी पोरासारख्या थापा मारत होतो. लाज वाटायची, पण घरी बसवत नव्हतं.

एका संध्याकाळी उधाणाचं पाणी गवतात शिरलं. सगळ्यांची कुत्री धावत परत आली. माझं कुठलं येणार!

"अहो, बुडेल ना तो!" म्हणत बँकवाले चपला काढून पाण्यात उतरले. बाई हाका मारायला लागल्या. मग मलाही मारावी लागली. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याला मोठ्यानं हाक मारली आणि काय सांगू, क्षणभर वाटलं, येईल. दुसरी हाक मारवेना.

मावशी टोपली घेऊन खाडीच्या बांधावरून घरी चालली होती. थांबली. माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं.

"कोनाला सोधता? काला कुत्रा? तो मंगाशीच घरा गेला. जावा तुमी."

"चला, बरं झालं," म्हणत सगळे पांगले. मी मान खाली घालून उभा. ती जवळ आली.

"उद्या पट्टा नको आनू. नुसताच ये."

दुसऱ्या दिवशी नुसताच गेलो. हातांचं काय करावं कळेना, खिशात घातले. बाईंनी सरकून पाइपावर जागा करून दिली. मावशीनं त्या सगळ्यांना सांगितलं होतं, का त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं, ते मी कधी विचारलं नाही. "तुमचा कुठंय?" हे मात्र त्यानंतर मला कुणीच विचारलं नाही.