दहा हातांचा माकूल

चांगुणामावशीशी मी पाच वर्षं व्यवहार केला, तो जवळजवळ सगळा मान वर करून. ती रोडपालीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलमागे. मी खाली, लावलेल्या स्कूटरींच्या मध्ये. ग्रिलला कपडे वाळत घालण्यापुरती एक झडप होती. त्या झडपेतून दोरी बांधलेली टोपली खाली यायची, आणि टोपलीत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, कोळंब्या, निवट्या असायच्या. सगळ्या कापडाच्या.

पहिल्यांदा तिची चिंबोरी मी पाहिली ती एका रिक्षाच्या आरशाला लटकलेली. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर चादर अंथरून केसांच्या क्लिपा विकण्यापासून मी सुरुवात केली आणि बाजारात स्वतःचं खेळण्यांचं दुकान केलं. कोणती वस्तू विकली जाईल हे मला हात लावल्यावर कळतं. त्या चिंबोरीचा एक नांगा मोठा, एक लहान होता आणि ती खरीखुरी रागावलेली दिसत होती. मी रिक्षावाल्याशी भरपूर घासाघीस केली. त्याने चिंबोरी दिली नाही, पत्ता दिला.

जिने चढून गेले तर बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप. आत जमिनीवर एक काळीसावळी, हाडापेराने मजबूत बाई कापडाच्या चिंध्यांमध्ये बसलेली. माझं काम ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुलूप भायेरून हाय. खाली जा, खिडकीखाली उबी ऱ्हा. टोपली सोडते."

मी खाली गेले. टोपलीतल्या चार चिंबोऱ्या बघून भाव सांगितला. वरून उत्तर आलं, "येवढ्यात तर नांगा पन मिलनार नाय गो. चिंबोरी तर ऱ्हाऊ दे." मी निघायचं नाटक केलं. तिने टोपली वर ओढून घेतली आणि खिडकीतून दिसेनाशी झाली. दहा पावलांवरून मलाच परत यावं लागलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी परत आणलं नव्हतं.

चाळीस वर्षं तिने बाजारात मासळी विकली होती. नवऱ्याची होडी होती. जाळी विणायची, सांधायची ती. मग खाडीत भराव पडत गेला, होडी गेली, नवरा गेला, आणि मुलगा विलास तिला घेऊन या फ्लॅटमध्ये आला. विलास कंटेनरच्या यार्डात कामाला, सूनही नोकरीला. मावशी दोनदा कुणाला न सांगता खाडीकडे चालत गेली होती. दुसऱ्या वेळी ती हायवेच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी ट्रक धावत असताना सापडली. तेव्हापासून कुलूप. विलास वाईट मुलगा नव्हता. "ट्रकखाली गेली तर मी काय करू?" असं तो मला विचारायचा, आणि त्याच्याकडे बघून खोटं बोलतोय असं वाटायचं नाही.

गिऱ्हाइकाबद्दल तिची मतं ठाम होती. जो वस्तूला नावं ठेवतो तो घेतो, जो गोड बोलतो तो उधारी मागतो. आणि, "'बघू' बोलला का तो गेला. नाय बोलायची लाज वाटते ना, म्हनून बघू बोलतान." मी हे दुकानात ताडून पाहिलं. ती एकदाही चुकली नाही.

शिवायची तिची पद्धत मी दारात उभी राहून कितीतरी वेळा पाहिली. कागदाचा नमुना नाही, खडूची रेघ नाही. वितीने मोजायचं आणि कापायचं. आधी डोळे लावायचे, काळ्या मण्यांचे. "शिवतंय कोन ते त्याला दिसलं पायजे." मग कापड उलटं ठेवून चारी बाजूंनी शिवत यायचं, टाका जाळ्याच्या गाठीसारखा घट्ट, आणि शेवटी बोटभर जागा मोकळी सोडायची. त्या बोटभर भोकातून सगळा मासा ओढून सुलटा करायचा आणि त्यातूनच चिंध्या भरायच्या. एकदा मोठा थोरला बोईट मासा असा बाहेर काढताना ती हसली. "बग, येवढ्याशा भोकातना केवढा भायेर आला. मना नाय जमत." मीही हसले. कुलुपाच्या अलीकडे उभं राहून हसणं सोपं असतं.

ती मला खाडीवर ने म्हणायची. एकदाच, ओहोटीला, निवट्या मासे चिखलावर येतात तेव्हा. विलासची ना नव्हती. तुम्ही बरोबर असाल तर न्या, चावी शेजारी ठेवतो, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, दिवाळीचा माल होऊ दे. दिवाळी झाली, मग जत्रेचा माल आला, मग शाळांच्या सुट्ट्या. खरं सांगायचं तर ती कुठे जाऊ शकत नव्हती हे माझ्या फायद्याचं होतं. दुसरे कारागीर लग्नाला जातात, गावाला जातात. मावशी कधी रजेवर गेली नाही.

मग ते ऑक्टोपसचं झालं. एका बालवाडीला मुलांना आठ हा आकडा शिकवायला तीस ऑक्टोपस हवे होते. मी खालून ओरडून समजावलं, अष्टपाद, मोठं डोकं, लांब हात. ती म्हणाली, माकूल ना, कलला. तीस आले, देखणे, आणि प्रत्येकाला दहा हात. आठ आखूड, दोन लांब. बालवाडीच्या बाईंनी माझ्यासमोर मोजून दाखवले, हा ऑक्टोपस नाही, स्क्विड आहे म्हणाल्या आणि सगळे परत केले.

माझं डोकं फिरलं. मी खिडकीखाली उभी राहून जे बोलले ते सगळ्या इमारतीने ऐकलं. ती शांतपणे म्हणाली, माकुलाला दहाच असतात, मी जन्मभर साफ केलेत. मी म्हटलं, मग दोन कापून टाक. तेव्हा तिचा आवाज चढला. "ते दोन लांब हात पकडायचे असतान. बाकीच्यांनी नुसता धरून ठेवायचा. तेच कापलं तर त्यानं खायचं काय?"

"मावशी, तो कापडाचा आहे."

"मंग तूच काप."

मी तीसच्या तीस टोपलीत कोंबून वर पाठवले. त्यानंतर टोपली खाली आली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मी खाली उभी राहून हाका मारायची, वर पडदासुद्धा हलायचा नाही. दुकानातल्या चिंबोऱ्या संपल्या. शेवटी मी हरले. शेजारून चावी घेतली, कुलूप काढलं आणि म्हटलं, चल, ओहोटी आहे. तिने तारीख नाही, वेळ नाही, काही विचारलं नाही. ओहोटी कधीची हे त्या चार भिंतींतही तिला पाठ होतं. पदर खोचून तयारच बसली होती.

रिक्षाने गेलो. तिचं बंदर आता नव्हतंच, तिथे मातीचा भराव आणि वर पत्र्याचं कुंपण. मला वाटलं आता ही रडणार. ती कुंपणाच्या कडेकडेने चालत तिवरांच्या झाडीमागे गेली आणि तिथे तिला पट्टाभर चिखल सापडला. निवट्या होत्या. उड्या मारत, चिखलावर सरपटत. ती गुडघ्यात वाकली, हात मनगटापर्यंत चिखलात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. निवटी पकडली नाही. मी घड्याळाकडे बघत होते.

रिक्षाकडे येताना ती थांबली. ती कधी कुणाकडे काही मागत नसे, भाव सांगत असे. त्या दिवशी तिने मागितलं. "तुज्या दुकानात मागं बसव मना. कोपऱ्यात. सकाली ये, संद्याकाली सोड. दिवसभर शिवन, मानसं दिसतील. भाव तू सांगशील तो."

मागे जागा होती. खोकी हलवली असती तर झाली असती. पण माझं डोकं सरळ धावलं: रोज न्यायचं-आणायचं कोणी, ही बाजारात निघून गेली तर, पडली तर विलासला तोंड काय दाखवायचं. हे सगळं तिला सांगता आलं असतं. ती माझ्याशी भांडली असती, मी तिच्याशी, आणि कुठेतरी मध्ये काही ठरलं असतं. आम्हा दोघींना ते येत होतं.

मी म्हटलं, "बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, बाजारात जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघावं तेवढंच. मग रिक्षात चढून बसली.

विलासला यायला वेळ होता. तिला घरात पाठवून मी बाहेर उभी राहिले आणि कुलूप माझ्याच हाताने लावलं. चावी फिरवताना ती आत नळाखाली हात धूत होती, चिखल निघेना म्हणून घासत होती.

चार दिवसांनी तिने फोन करवला, माल तयार आहे. टोपली खाली आली. तीस ऑक्टोपस, प्रत्येकाला आठ हात. दोन लांब हात कापून शिवण अशी बुजवली होती की तिथे काही होतं हे बोटाला लागत नव्हतं. मी भाव सांगितला, मुद्दाम कमी, तिने वरून ओरडावं म्हणून. ती म्हणाली, "बरा." टोपली वर गेली.

त्यानंतर वर्षभर ती शिवत होती. मी सांगेन ते, सांगेन तसं. मी डॉल्फिनला हसरं तोंड मागितलं, हसरं आलं. आधी ती म्हणाली असती, माशाला कसलं हसू. मी भाव पाडून सांगितला तरी "बरा", वाढवून सांगितला तरी "बरा". खाडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. गेली तेव्हाही दुपारी, सगळे कामावर असताना. विलास आला तेव्हा तिच्या मांडीवर एक मासा होता, शिवून झालेला, अजून सुलटा न केलेला.

माझा तिच्यावर राग आहे आणि तो गेलेला नाही. माझ्यासारखीला पाच वर्षं पुरून उरलेली बाई एका शब्दावर सौदा सोडून देते? तिने मला शिव्या घालायच्या होत्या. टोपली वर ओढून घ्यायची होती. दहा पावलांवरून मी परत आले असते. पहिल्या दिवशी आले नव्हते का?

दुकानात आता माझ्याकडे कुणी काही मागितलं तर मी हो म्हणते, नाहीतर तोंडावर नाही म्हणते. लोक मला उर्मट म्हणतात. म्हणू देत. मागची खोकी मी हलवली आहेत. तो कोपरा रिकामा आहे.