सरासरीचा कुत्रा

लोहगडवाडीत माझी भज्यांची टपरी हाय. कुत्री कशी शिकतात ते तपासायला तितं एक शहरातली पोरगी रोज यायची. नाव मी कधी इचारलं न्हाई. गल्लीतल्या कुत्र्यांपुढं ती दोन वाट्या पालथ्या घालायची. एकीखाली बिस्कीट. कुत्र्यांना ते उमगलं, की बिस्कीट दुसरीखाली. बाकीची लगेच नव्या वाटीकडं वळायची. आमचा तांबड्या मात्र जुनीलाच नाक लावून बसायचा.

"मठ्ठ हाय त्यो," मी म्हणाले.

तिनं कपाळावरची बट फुंकरीनं उडवली अन् लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. त्यावर प्रत्येक कुत्र्याच्या शिकण्याची निराळी रेघ.

"मावशी, सगळ्यांची सरासरी काढली, तर जो कुत्रा निघतो तो तुमच्या वाडीत कुठंच नाही. तांबड्या मठ्ठ नाही. तो हळू शिकतो, आणि हळूच विसरतो."

तवा मी स्कूटी शिकत होते, अन् आमचे मालक रोज म्हणायचे, "या वयात न्हाई जमायचं, सोड."

ती शहरात परत जायच्या दिवशी तांबड्या सरळ नव्या वाटीकडं गेला. पोरीनं अशी टाळी वाजवली, की गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

आता मळवलीहून पाव मीच स्कूटीवरनं आणते. मालक मागं बसतात, पिशवी मांडीवर घेऊन.