दुसरं झाड

माझा दीर हार्लिस स्टिडम याच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका डोकं फिरवणाराही नाही. आठवी शिकलेला, चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत, छत कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारलेला. सहा फूट उंची, आणि काम चार फुटांच्या भुयारात, त्यामुळे बाहेर उन्हातसुद्धा तो वाकूनच चालायचा. भांडायचा मुळीच नाही. जे पटलं नाही ते फक्त तोंडातून काढायचा नाही. मग तुम्ही खुशाल कपाळ आपटून घ्या.

आमच्या लॉरेल फोर्कच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, त्याच्याकडे एक वाक्य मागितलं होतं. एकच. तो ते बोलला असता तर माझ्या नवऱ्याच्या थडग्यावरचा दगड जागेवर राहिला असता.

तो दगड म्हणजे एका झाडाचा बुंधा. खाणीच्या छतात कधी कधी एक गोल दिसतो, भोवती कोळशाची बारीक काळी कड. आमची माणसं त्याला 'हंड्याचं बूड' म्हणतात. दगड झालेलं झाड असतं ते, वर छतात उभंच्या उभं. खाली रुंद, वर निमुळतं, आणि कड साबणासारखी गुळगुळीत. खालचा कोळसा काढला की त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. पडतं तेव्हा आवाजही करत नाही.

व्हर्लिननं, माझ्या नवऱ्यानं, अठ्ठावन्न साली असं एक बूड पाहिलं. हार्लिस त्याच्या हाताखाली होता. "तू लांब थांब," असं धाकट्या भावाला सांगून त्यानं त्याला टेकू लावला, आणि निर्धास्तपणे दोन पावलं मागं सरून उभा राहिला. दुसरं तिथंच, त्याच्या डोक्यावर होतं. ते कुणी पाहिलंच नव्हतं.

पुढं महिनाभर हार्लिस पाळी संपल्यावर दिवा घेऊन ते छत बघत बसायचा. सात बुडं सापडली. जंगलात झाडं जशी अंतर राखून उभी असतात तशी, सगळ्यांची मुळं खाली, एका पातळीत, एकही उलटं नाही. सालीवर चौकटी चौकटींची नक्षी; तसलं झाड आज आमच्या डोंगरात शोधून सापडत नाही. "ही इथंच वाढली, वहिनी," तो मला म्हणाला. "एक दिसलं की दुसरं असणारच. हे व्हर्लिनला कुणी सांगितलं असतं तर..." आणि रडायला लागला. ज्या बुंध्यानं भाऊ मारला तोच त्यानं गाडीवर घालून बाहेर काढला, त्यावर छिन्नीनं नाव कोरलं आणि मंडळीच्या दफनभूमीत उभा केला. तेव्हापासून खाणीत लागणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या पाळीआधी त्या दगडापाशी यायचा. हार्लिस त्याला कड दाखवायचा, गुळगुळीत बाजूवरून हात फिरवायला लावायचा, आणि म्हणायचा, "एक दिसलं की दुसरं शोध. झाड एकटं वाढत नाही." सव्वीस वर्षं हे चाललं. त्यानं शिकवलेला एकही माणूस बुडाखाली गेला नाही.

मग गार्लंड नेपियर पाळक झाला. आमच्यात पाळकाला पगार नसतो. गार्लंड आठवडाभर हार्लिसच्याच खाणीत यंत्र चालवायचा आणि रविवारी उपदेश करायचा. माणूस वाईट नव्हता. माझी बाळंतपणं त्याच्या आईनं केलेली. पण कुठल्याशा मोठ्या गावातून तो एक व्याख्यान ऐकून आला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला, की देवानं सगळं सहा दिवसांत केलं, तेव्हा 'इथंच वाढली' म्हणणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

एका शनिवारी माझ्या ओसरीवर घेवडा आणि मक्याचा पाव खाताना दोघांची जुंपली.

"जंगलावर जंगल, त्यावर जंगल," गार्लंड म्हणाला. "सहा दिवसांत हे बसतं का, सांग."

"कुणाचे सहा दिवस? बायबलच्या उत्पत्तीत आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. म्हणजे देव रात्रपाळीचा माणूस. आणि सूर्य केला चौथ्या दिवशी. पहिल्या तीन पाळ्यांचं घड्याळ कुणाकडे होतं?"

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही रे. देव काय म्हणाला? 'भूमी झाडं उपजवो.' पुढं, 'भूमी प्राणी उपजवो.' काम भूमीला दिलं. किती वेळ लावायचा, आधी काय, मागाहून काय, एकातून दुसरं कसं, ते तिच्यावर सोडलं. चांगला मुकादम डोक्यावर उभा राहत नाही."

"आणि माणूस? तो पण माकडाकडून?"

"मातीचा केला, असं तुझंच पुस्तक म्हणतं. मातीपासून माणसापर्यंत वाटेत काय काय लागलं ते बघायला मी नव्हतो. तूही नव्हतास. घेवडा घे अजून."

"माझा आजा माकड नव्हता, हार्लिस!"

"तुझा आजा मला माहीत आहे. माकडाची बदनामी नको."

मला हसू आलं, आणि तिथंच बिघडलं. गार्लंड ताट ठेवून उठला.

दुसऱ्या बाजूचीही तीच तऱ्हा. विद्यापीठातली एक बाई दगड मोजायला आली होती. तिनं वयाचा असा काही आकडा सांगितला की मला शून्यं मोजता आली नाहीत. हार्लिसनं आनंदानं तिलाही भूमीची आज्ञा वाचून दाखवली. ती हसली. "तुम्ही इतके हुशार आहात, आता ते पुस्तक सोडा ना." त्यानं कोळशाचे अंगठे उठलेलं बायबल मिटलं आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं त्याचं. एक म्हणे झाड सोड, दुसरी म्हणे देव सोड. "दोन्ही खरं असायला कुणाची हरकत आहे, वहिनी?" असं मला विचारायचा. मला काय विचारतोस, मेल्या? मी कोण?

वर्षातून एकदा प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं; त्याच्या आदल्या दिवशी आमच्यात सभा असते. पाळक विचारतो, "सगळे शांतीत आहेत का?" म्हणजे कुणाच्या मनात कुणाविषयी अढी नाही ना. एकजण जरी 'नाही' म्हणाला तर भोजन होत नाही, येशूनं शिष्यांचे धुतले तसं एकमेकांचे पाय धुणं होत नाही. बायकांनाही विचारलेलं असतं, पण बायका बोलत नाहीत.

गार्लंडनं सगळ्यांसमोर विचारलं. "ब्रदर हार्लिस, ती झाडं नोहाच्या जलप्रलयानं आणून टाकली, एवढंच म्हण. दगड राहू दे. नाहीतर देवाच्या जमिनीवर ती शाळा मला चालायची नाही."

हार्लिस वाकलेलाच उभा राहिला. "पुरात वाहून आलेला ओंडका कुठंही पडतो, एकटा. मी तसं म्हणालो तर उद्याचा नवा माणूस दुसरं झाड शोधणार नाही. मी ते म्हणू शकत नाही."

"मग दगड जाईल."

"जाऊ दे."

"तू शांतीत आहेस?"

"आहे."

माझ्या नवऱ्याचा दगड! आणि ही दोघं शांतीत! मी उठून 'नाही' म्हणायला हवं होतं. मूग गिळून बसले. आजही सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच येतो. रविवारी गार्लंडनं कमरेला टॉवेल बांधून गुडघे टेकले, हार्लिसचे पाय धुतले, दोघं गळ्यात पडून रडले. मला वाटलं, ते घंगाळ उचलावं आणि दोघांच्या टाळक्यावर रिकामं करावं.

मंगळवारी गार्लंड ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला. दगडाखाली आपलं घोंगडं घातलं, नावाला चरा जाऊ नये म्हणून. त्यानं तर माझं पित्त आणखीच खवळलं.

"गार्लंड, खाली खाणीत तुला बूड दिसलं तर काय करतोस?" मी विचारलं.

"टेकू लावतो."

"आणि मग?"

तो साखळीशी खेळत राहिला.

"सांग ना. मग काय करतोस?"

"दुसरं शोधतो," तो म्हणाला. "खाली मी शोधतोच, सिस्टर नोला. वर मला विचारू नको."

"मग जे खाली खरं, ते वर येताना कुठं सांडतं रे?"

त्यानं ट्रॅक्टर सुरू केला.

दगड हार्लिसच्या अंगणात गेला. वाटेल त्यानं तिथं जाऊन बघावं, असं म्हणायला ठीक. पण थडग्यापाशी जायला कुणाला अडचण नव्हती, हार्लिसच्या अंगणात जाणं म्हणजे बाजू घेणं. मंडळीतली माणसं फिरकेनात. हार्लिस संध्याकाळी दगडाशेजारी खुर्ची टाकून बसायचा, कुणी येईल म्हणून. चार वर्षं बसला. मग छातीत साठलेल्या कोळशानं त्याला नेलं. शेवटपर्यंत मंडळीत होता, आणि ते वाक्य शेवटपर्यंत बोलला नाही.

व्हर्लिनच्या थडग्यावर मी लाकडी पाटी लावली होती. नाव, आणि खाली: 'एक दिसलं की दुसरं शोधा.' कुणीतरी तक्रार केली, तेव्हा गार्लंडनं येऊन दोनदा वाचली. "यात झाडांचं वय नाही," म्हणाला, आणि राहू दिली.

गेल्या वसंतात गार्लंडचा जावई खाणीत लागला. पहिल्या पाळीआधी गार्लंड त्याला पाटीपाशी घेऊन आला. मी हार्लिसच्या थडग्यावरचं गवत काढत होते. त्यानं जावयाकडून पाटी मोठ्यानं वाचून घेतली.

"पण दुसरं का असतं?" जावयानं विचारलं.

गार्लंडनं टोपी काढली, परत घातली. "असतं," म्हणाला.

"पण का?"

गार्लंड माझ्याकडे बघेना. मी हात झटकून उठले.

"कारण झाड एकटं वाढत नाही, बाळा. ती तिथंच वाढली. चल, तुला दाखवते."

गार्लंडनं मला अडवलं नाही. जावयाला घेऊन मी हार्लिसच्या अंगणाकडे निघाले. दफनभूमीच्या फाटकातून मागं वळून पाहिलं तर गार्लंड अजून पाटीपाशीच उभा होता.