चपलांची रांग आणि परदेशातली नोटीस: उमरगा-तुळजापूरचे तीन दिवस

लोक हवापालट म्हणून फिरायला जातात, मी वकिलाच्या नोटिशीमुळे गेले.

पुण्यात मी दवाखान्यांसाठी एक छोटा प्रोग्रॅम बनवते. पेशंटचं नाव टाका, नंबर द्या, आत बोलवा, एवढंच त्याचं काम. त्यात ‘जागा राखा’ नावाचं एक बटण आहे. पेशंट चहाला गेला आणि तेवढ्यात त्याचा नंबर लागला, तर तो रांगेच्या शेवटी जात नाही, फक्त तीन नंबर मागे सरकतो. ही माझी कल्पना, आणि मला तिचा भारी तोरा. प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पानावर ‘संकल्पना आणि निर्मिती’ म्हणून माझं नाव झळकतं.

आणि मग परदेशातल्या एका कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. ‘तीन नंबर मागे’ ही पद्धत म्हणे त्यांची, तिचं पेटंट त्यांच्याकडे. बटण काढा आणि पद्धत आमचीच आहे असं सही करून द्या, नाहीतर लोक जिथून तो डाउनलोड करतात तिथून तुमचा अख्खा प्रोग्रॅमच काढायला लावू. मुदत तिथून तिसऱ्या सोमवारपर्यंत. माझं तर धाबंच दणाणलं. त्याच दिवशी अपडेट पाठवून मी बटण काढून टाकलं. तुमच्या मोबाइलमधलं सवयीचं एखादं बटण अपडेटनंतर गायब होतं आणि तुम्ही बनवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडता ना? कधीकधी त्यामागे असलं भांडण असतं. ते कुणी सांगत मात्र नाही. मीही सांगितलं नव्हतं.

माझी वकील मैत्रीण वैशाली म्हणाली, "आपल्या कायद्यात नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. पण तुझं दुकान चालतं त्यांच्या देशातल्या स्टोअरवर. त्यांच्या पेटंटच्या अर्जाआधीपासून कुणीतरी हे उघडपणे करत होतं, याचा तारखेसकट पुरावा आण. नसेल तर सही कर आणि मोकळी हो." माझा प्रोग्रॅम त्यांच्या अर्जानंतर दोन वर्षांनी आलेला. म्हणजे बोंबला!

तेवढ्यात उमरग्याहून डॉक्टरांचा फोन आला. माझं पहिलं गिऱ्हाईक. "बाई, तुमचं बटण गेलं आणि माझ्या दवाखान्यात भांडणं लागली. एकदा येऊन बघा तरी." आता तोंड दाखवणं भाग होतं.

पुणे ते सोलापूर रेल्वे, पुढे हैदराबाद रस्त्यानं एसटी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे बस खच्चून भरलेली. सोलापूर स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची लाज बाळगू नका. नळदुर्गला गाडी जरा वेळ थांबते. किल्ला बघायचा तर पावसाळ्यात या, पाणीमहालावरून पाणी पडतं तेव्हा. मी गेले जानेवारीत, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. उमरग्यात हायवेवरच्या लॉजमध्ये सातशेला खोली मिळाली. मागच्या बाजूची मागून घ्या, पुढं ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच जातात. जेवायला भाकरी, येसर आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीनं डोळ्यांतून पाणी काढलं, तरी दोनदा मागून घेतली.

सकाळी आठला दवाखान्यात पोचले. इथं शुगरचे पेशंट जास्त. उपाशीपोटी रक्त द्यायचं, बाहेर जाऊन जेवायचं, दोन तासांनी परत येऊन पुन्हा रक्त द्यायचं आणि मग डॉक्टरांना भेटायचं. म्हणजे मधे उठून जाणं आलंच, आणि उठलं की नंबर गेला. बटण गेल्यापासून म्हातारी माणसं नंबर जाईल या भीतीनं जेवायलाच उठत नव्हती. आदल्या आठवड्यात कर्नाटकातल्या एका गावाहून आलेल्या अज्जी बाकावरच घेरी येऊन पडल्या होत्या. हे मला तिथं गेल्यावर कळलं.

काउंटरवर रेखा होती, पस्तिशीची, तोंडाची खमकी. मी काही बोलायच्या आत डॉक्टरांच्या केबिनबाहेरचा स्पीकर बोलला, "चप्पल निळी, आत या." एक काका मिशीला लागलेला चहा पुसत आत गेले.

मी स्क्रीनवर वाकून पाहिलं. चौदा नंबर: चप्पल. पंधरा: चप्पल निळी. सोळा: चप्पल अंगठा तुटलेली.

"रेखा, हे काय?"

"काय करू म्याडम? तुमचं बटण न्हाय. अज्जी पडल्या तवापासून पेशंट चप्पल ठिवून जेवायला जातंय, म्या चप्पलच पेशंट म्हणून लिवते. मालक आला तर ठीक, न्हाय आला तर चप्पल तीन मागं." तिनं भिंतीकडं बोट केलं. तिथं खरोखर चपलांची रांग होती, प्रत्येकीपुढं खडूनं आकडा. त्यातल्या एका जोडीकडं बघून ती दाराशी आलेल्या म्हातारीला कानडीत म्हणाली, "ऊटा आयता, अज्जी?" अज्जींनी जेवल्याची मान डोलावली आणि येऊन आपल्या चपलेमागं बसल्या. घेरी आलेल्या त्या ह्याच.

"तीन मागं हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी म्हंजे? कांबळे काकांनी. माझ्या आदी हितं कंपाउंडर हुते न्हाय का. काम्पुटर यायच्या लई आदीपासून हितं असंच हाय. तुमी पयल्यांदा आलाव तवा काकांनीच तर सांगितलं तुमास्नी, 'बाई, शेवटाला टाकू नका, तीनच मागं घ्या.' म्या नवीनच हुते, ह्या खुर्चीजवळच उबी हुते."

आठवलं. चष्मा कपाळावर चढवलेले कांबळे काका, हातात चहाची बशी. मी वहीत लिहून घेतलं होतं. पुण्याला पोचेपर्यंत ते माझं झालं. नोटीस आल्यापासून ‘माझी कल्पना, माझी कल्पना’ म्हणून मी त्या कंपनीच्या नावानं शंख करत होते, आणि इथं चोर मीच निघाले! पण त्याच दमात दुसराही विचार आला: कांबळे काकांकडं तारीख असेल का?

काका निवृत्त होऊन तुळजापूरला मुलीकडं राहतात, असं रेखानं सांगितलं. शुक्रवारी सकाळी पहिली एसटी धरली. गावात शिरताच लॉजवाले "खोली पायजे का, ताई?" करत मागं लागतात, नको असेल तर थांबू नका, चालत राहा. देवीचं दर्शन मी परतताना घेतलं, शुक्रवार असूनही गर्दी बेताची होती. काकांच्या मुलीचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. ती शाळेत शिकवते. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली कपाटात फायलीच फायली. मी जय भीम म्हणून नमस्कार केला आणि चहा यायच्या आधीच सगळं कबूल करून टाकलं. माफीही मागितली.

काका हसले. "त्यात काय एवढं? काम चाललं ना तुमचं?" मग उठून त्यांनी एक फाईल काढली. दवाखान्याबद्दल पेपरात आलेलं प्रत्येक कात्रण त्यात होतं. तिसऱ्या पानावर चपलांच्या रांगेचा फोटो, खाली बातमी: मालक हजर नसला तर त्याची चप्पल तीन जागा मागे घेतली जाते, त्यामुळे रुग्णांत भांडणं होत नाहीत. आणि वर, कात्रीनं जपून कापून ठेवलेली, पेपराची तारीख. कंपनीच्या अर्जाच्या नऊ वर्षं आधीची.

"तारीख कशी काय राखलीत, काका?"

"तारखेबगर कात्रण म्हंजे रद्दी," काका म्हणाले.

मी तिथल्या तिथं वैशालीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "ते म्हणतील, चप्पल म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. आपण विचारू, ही चपलांची पद्धत वगळली तर तुमचं नवीन काय उरतं? काकांचं प्रतिज्ञापत्र घे, की ही पद्धत मी शोधली."

मी तसं सांगताच काकांनी नकारार्थी मान हलवली. "तसं न्हाय लिहायचं. म्या न्हाय काढली ती. आमच्या वस्तीत एकच नळ हुता. बाया हंडे लावायच्या. हंडा हाय अन् बाई न्हाय, तर हंडा तीन मागं. माझी आय म्हणायची, शेवटाला ढकलू नका, तिचं लेकरू रडत आसंल घरी. ती पद्धत म्या दवाखान्यात आणली, एवढंच लिवा."

"पण काका, तुमचं नाव लागेल. कायमचं."

"माझ्या नावावर केली तर मंग म्या आन् ती कंपनी, फरक काय राह्यला?"

तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीकडं काकांनी सांगितलं तसंच टाईप झालं. काकांनी दोनदा वाचलं, मग सही केली. निघताना मुलीनं धपाटे बांधून दिले. ते सोलापूरच्या अलीकडंच संपले.

मुदतीच्या सोमवारी मी सही केली नाही. वैशालीनं कात्रण आणि प्रतिज्ञापत्र जोडून उत्तर धाडलं. तीन आठवडे मी जेवताना फोन उलटा ठेवत होते. मग त्यांच्या वकिलांची एक ओळ आली: सध्या हा विषय आम्ही पुढे नेत नाही. चुकलो वगैरे काही नाही. मी तरी नाचले.

बटण त्याच दिवशी परत टाकलं. त्याच अपडेटमध्ये पहिल्या पानावरचं ‘संकल्पना आणि’ खोडलं. आता तिथं नुसतं ‘निर्मिती’ आहे, पुढं माझं नाव. जरा बोचलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी रेखाचा फोन. "म्याडम, आलं बटण. पर लोक चपला ठिवायचं काय थांबंनात. अज्जी म्हणतीया, मशिनीतलं एकदा गेलंच हुतं की."

"समजावून सांग ना. आता नाही जायचं."

"म्याडम, राहू द्या की चपला. पुन्यांदा नोटीस आली तर?"

मी म्हटलं, राहू दे.