लाइल हाकेनसनचा नवा खांब

दुकानातून अँटेना विकत घेणारा माणूस लाइल हाकेनसनच्या लेखी शुद्ध मूर्ख होता. स्वतः त्यानं उभ्या आयुष्यात एकही घेतला नाही. मोडक्या कोठारातला तांब्याचा पाइप, गळाची तुटकी काठी, प्लंबरनं टाकून दिलेली प्लॅस्टिकची नळी, जुन्या घरांतून ओढून काढलेली विजेची तार, एवढ्या भंगारातून तो परसात अँटेनाचा खांब उभा करी आणि उत्तर मिनेसोटातल्या घरात बसून जगाशी बोले. हौशी रेडिओवाल्यांत त्याचं नाव होतं. म्हणजे लोक त्याला फुकट सल्ला विचारत आणि तो विचारल्याच्या दुप्पट देई. खांबापेक्षा खाली जमिनीवर पसरलेल्या तारा महत्त्वाच्या, हे त्यानं न्हाव्यालाही ऐकवलं होतं.

त्याचा जिवलग होता केंटकीच्या डोंगरातला ऑर्विस टॅकेट. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, साखरेच्या आजारानं एक पाय कापलेला, एकटा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. रोज सकाळी कॉफी घेऊन रेडिओवरच्या ठरलेल्या जागी हाक मारायची, खोकल्यापासून राजकारणापर्यंत सगळ्याचा निकाल लावायचा आणि उठायचं. फोन मात्र करायचा नाही, हा दोघांचा नेम. "फोनवर काय, कुणीही बोलतं," ऑर्विस म्हणायचा.

ऑर्विसची मुलगी व्हर्लीन दूर ओहायोत. एकदा तिनंच लाइलला फोन केला. "काका, बाबा माझा फोन आठवडा आठवडा उचलत नाहीत. तुमच्याशी तेवढं रोज बोलतात. एखाद्या सकाळी आले नाहीत, तर मला लगेच कळवाल ना? मागं पडले होते तेव्हा शेजाऱ्याला दिसले म्हणून वाचले."

लाइलनं शब्द दिला.

त्या हिवाळ्यात पाऊस पडता पडता गोठला आणि लाइलचा खांब बर्फाच्या ओझ्यानं मोडला. दिवसभर बोटं गारठवून त्यानं दुसरा उभा केला. सकाळी हाक मारली. ऑर्विस नाही. पुन्हा मारली. नुसती खरखर. इतरांचे आवाज येत होते, पण ते त्याला दबके वाटले. नवी सून घरात आली की दूध नासलं तरी तिच्याच नावावर, तसं त्या खांबाचं झालं.

"ऑर्विस, माझं ऐकू येत असेल तर थांब जरा," तो माइकमध्ये म्हणाला. "खालच्या तारा कमी पडतायत. आणखी टाकतो."

"अरे बाबा, सरळ फोन कर त्याला," डोरीन म्हणाली. ही त्याची बायको.

"आणि सांगू काय? माझा खांब चालत नाही म्हणून? मरेपर्यंत चिडवेल मला तो."

"चिडवू दे की! मग व्हर्लीनला तरी कळव. शब्द दिलायस ना?"

"ऑर्विस आला नाही असं कुठंय? मीच पोचत नाहीये. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला?"

"तुझं डोकं त्या काठीला बांध, म्हणजे कुठंतरी पोचेल," असं म्हणून ती आत गेली. लाइल फावडं घेऊन बर्फ उपसायला लागला.

दुसऱ्या सकाळीही तेच. त्यानं सगळे सांधे पुन्हा डाखले, तारा वाढवल्या, आणि मध्ये मध्ये हाका मारत ऑर्विसला कामाची सगळी हकिगत सांगत राहिला. खरं सांगायचं तर त्याला मजाही येत होती. आपल्या हातचं काही बिघडलं की हा माणूस खुलायचा, आणि त्या खुलण्याचीच चीड येते.

संध्याकाळी अझोर बेटांवरच्या एका मच्छीमारानं त्याची हाक ऐकून उत्तर दिलं. "मित्रा, शेजारच्या खोलीत बसल्यासारखा येतोयस! अँटेना कुठला?"

लाइलची छाती फुगली. "गळाची काठी आणि जुनी तार," तो सांगू लागला. "काल सकाळपासून नुसता..." समुद्रापलीकडे आवाज पोचत होता, मग केंटकी काय लांब होतं? त्यानं माइक तसाच टाकला आणि व्हर्लीनला फोन लावला.

तिनं कळवल्यावर शेजाऱ्यांनी दार फोडलं. ऑर्विस खुर्ची आणि भिंत यांच्या मधे पडला होता. डॉक्टरांच्या मते आदल्या सकाळी पडला असावा, आणि गेला त्याच दिवशी दुपारी.

रात्री व्हर्लीनचा फोन आला. "रेडिओ चालूच होता, काका. तुमच्या ठरलेल्या जागेवर लावलेला. फक्त बाबांचा हात माइकपर्यंत पोचला नाही. तुम्ही हाका मारत होतात ना?"

"हो."

"त्यांना ऐकू आलं असेल का हो?"

डोरीन समोरून जोरजोरात मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण. लाइलला खोटं बोलता आलं असतं.

"आलं असेल," तो म्हणाला. "सगळं. अगदी स्पष्ट."

पलीकडे व्हर्लीनला हुंदका फुटला. "बरं झालं, काका. म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही होतात सोबत."

डोरीननं लाइलच्या हातातून फोन काढून घेतला.