काळोखे साहेबांची पट्टी

काळोखे साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पट्टी असायची. सहा इंची, पांढरी, कडेनं पिवळी पडलेली, त्यावर नकाशाच्या प्रमाणात थेट मीटरच्या खुणा. नकाशावर बोट ठेवून कुणी "साहेब, हे किती?" असं विचारलं की ते लगेच कधीच सांगायचे नाहीत. आधी पट्टी काढणार, पोटावर शर्टाला पुसणार, कागदावर ठेवणार, एक डोळा मिटणार आणि मग पत्रिकेतला मंगळ सांगावा तशा आवाजात म्हणणार, "तीन मीटर वीस." तोवर चार माणसं खाली मान घालून ताटकळत उभी.

मी त्यांच्या बारामतीच्या ऑफिसात दीड वर्ष कॉम्प्युटरवर नकाशे काढायला होते. इंदापूरहून रोज एसटीनं यायचे. सोडून वर्ष झालं तरी ती पट्टी आठवली की माझं डोकं फिरतं, म्हणून आता सगळं सांगूनच टाकते.

तर पहिली गोष्ट म्हणजे साहेबांच्या नकाशावर आकडे नसायचेच. भिंती असायच्या, दारं-खिडक्या असायच्या, उत्तरेचा बाण असायचा, खाली साहेबांचं नाव आणि पदवी असायची, आणि ते नाव स्वयंपाकघरापेक्षा मोठं. पण कुठून कुठपर्यंत किती, हे कुठंच नाही. हातानं नकाशे काढायचे तेव्हापासूनची त्यांची हीच पद्धत. मला काय माहीत? पहिल्याच आठवड्यात मी एका बंगल्याच्या नकाशावर सगळी मापं टाकली, कारण क्लासमध्ये तेच शिकवलं होतं. साहेब मागं येऊन उभे राहिले.

"हे आकडे कुणी टाकले?"

"मीच, साहेब."

"काढ सगळे."

"मग साइटवर कसं कळणार?"

"मला विचारतील की. आकडे कागदावर आले की कागद शहाणा होतो आणि इंजिनिअर बेकार."

हे त्यांचं लाडकं वाक्य. गवंडी आला, सुतार आला, फरशीवाला आला, सगळे एकेका आकड्यासाठी ऑफिसच्या बाकावर बसून राहायचे. मोरगावहून माणूस एसटीनं यायचा, फक्त एवढं विचारायला की खिडकी चार फुटांची की पाच. साहेब आतून बघायचे, बाक भरलेला दिसला की खूश. त्यालाच ते प्रॅक्टिस म्हणायचे.

मग असा माणूस कॉम्प्युटर घ्यायला कशाला गेला? तर एका लग्नात पुण्याच्या कुणा आर्किटेक्टनं त्यांना सहज विचारलं होतं, "अजून हातानंच काढता का?" झालं, महिन्याभरात कॉम्प्युटर आला. पाटीवर "संगणकीय वास्तुरचना" असं आलं. खोलीला पडदा आला, बाहेर चपला काढायचा नियम आला, आणि मशीनला बाईसाहेबांनी भरतकाम केलेलं झाकण आलं, त्यावर दोन मोर. आणि मी आले. साहेबांनी स्वतः त्या मशीनला कधी बोट लावलं नाही, फक्त दसऱ्याला हळदकुंकू लावलं तेवढंच. गिऱ्हाईक आलं की मला आवाज यायचा, "दाखव गं, गोल फिरव." मी एक बंगला पडद्यावर गोल फिरवायचे. तो माझा क्लासमधला सरावाचा बंगला होता, त्याला जिनासुद्धा नव्हता. साहेब गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा आमचा पुण्यातला प्रोजेक्ट."

आता इथं एक बारकी गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावर आहे. मोठे नकाशे नेमक्या मापात छापायचं मशीन पुण्यात होतं. तिथं कोण जाणार? म्हणून साहेब आमच्या ऑफिसातल्या छोट्या प्रिंटरवरच छापायला लावायचे. कागद लहान आणि नकाशा मोठा, म्हणून कॉम्प्युटर तो आखडून पानात बसवायचा. म्हणजे चित्र बरोबर, पण त्यावर पट्टी लावली तर माप चुकणार. हातानं काढलेल्या नकाशावर पट्टी चालायची, ह्यावर नाही. हे मी साहेबांना नीट सांगितलं होतं.

"साहेब, हे पानात बसवून छापलंय. ह्यावर पट्टी लावू नका."

"मशीन चुकत नाही असं तूच म्हणतेस ना?"

"मशीन नाही चुकत, पण—"

"मग माझी पट्टीही चुकत नाही. दोन न चुकणाऱ्या गोष्टी एकत्र आल्यावर चूक कशी होईल?"

अशा माणसाशी काय बोलणार? सांगा तुम्हीच.

पुढं लोणी देवकरला पशुखाद्याच्या कारखान्याचं काम आलं. मोठी शेड. खाली सिमेंटचे पाये, पायांवर लोखंडी खांब, आणि दर दोन खांबांच्या मधे आडवी तुळई. पाये करणार तात्या मिस्त्री. तात्या मोरगावचे, तीस वर्षं गवंडीकाम केलेले, पांढरी टोपी, कमी बोलणार. खांब आणि तुळया करणार सलीमभाई, त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप बारामती एमआयडीसीत. सलीमभाईंनीही नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, आणि ते स्वतः त्यावर बसायचे, चपला घालून. ते नकाशाच्या फाइलची फ्लॉपी मागायला आले.

"साहेब, ह्या पोरीनं काढलेलं मला द्या, म्हणजे तुमचं माझं एकच राहील. दोघांनी दोन कागद कशाला बघायचे?"

"फ्लॉपी काय हॉटेलातली बशी आहे, ह्या टेबलावरनं त्या टेबलावर द्यायला?"

शेवटी कारखान्याच्या मालकांचा फोन आला तेव्हा साहेबांनी फ्लॉपी दिली, तीही अशी की जणू पोरगी सासरी चाललीय. फाइलमधून माप नेमकं कळतं, पट्टी लागत नाही. सलीमभाईंनी दोन खांबांच्या मधलं अंतर बघितलं. सहा मीटर. त्या मापानं तुळया कापल्या.

तात्यांना मात्र फाइल नाही, कागद. आकडे नसलेला, पानात बसवलेला कागद. ते बाकावर येऊन बसले, साहेबांनी पट्टी लावली, डोळा मिटला, आकडा दिला आणि तात्या गेले. दोन दिवसांनी लोणी देवकरच्या एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला. साहेबांनी घेतला. मी शेजारीच होते.

"सहा कसं? पाच ऐंशी सांगितलंय ना मी? हे बघ तात्या, सहा कुणीपण सांगंल. पाच ऐंशी सांगायला इंजिनिअर लागतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "साहेब, फाइलमध्ये सहाच आहे." ते म्हणाले, "तू चित्र काढ." आणि मी चित्र काढत बसले. तात्यांना गाठून सांगता आलं असतं, एसटी लोणी देवकरवरूनच जाते, उतरायचंच तर होतं. नाही उतरले. वाटलं, एवढा जुना माणूस, तो सहाच लावेल. साहेबांना मी कितीही नावं ठेवली तरी हे माझ्या नावावर आहे.

तुळया चढवायच्या दिवशी साहेबांनी मलाही नेलं, नकाशांची गुंडाळी धरायला. क्रेन आलेली. मालक आलेले, त्यांचे पाहुणे, नारळ, पेढे. पहिला खांब बसला, दुसरा बसला, टाळ्या झाल्या. मग क्रेननं तुळई उचलली आणि दोन खांबांच्या मधे आणली तर ती बसेना. वीतभर लांब. फिरवून बघितली, तिरकी करून बघितली. वीतभर लांब ती लांबच.

सलीमभाईंनी तुळईला टेप लावला. सहा. तात्यांनी पायांना लावला. पाच ऐंशी. सगळे पाये तसेच, एकही इकडंतिकडं नाही. तात्यांचं काम एवढं नेमकं होतं.

मालक म्हणाले, "चुकलं कोण?"

साहेबांनी विचारसुद्धा केला नाही. "मिस्त्री. मी नकाशावरचं माप सांगितलं. नकाशात सहा असेल तर मी सहाच सांगितलं. तात्याचं आता वय झालंय, ऐकू कमी येतं."

तो फोन त्यांना आठवत होता की नाही, देव जाणे. त्यांचं असंच होतं, एकदा तोंडातून गेलं की ते खरं, त्यांना स्वतःलाही.

तात्या म्हणाले, "साहेब, तुमी पाच ऐंशी म्हनला. मी फोन करून इचारलं तुमास्नी."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं न्हाय म्हनत."

"मग?"

मालक आधीच तापलेले, मशिनरी यायची होती. म्हणाले, "तात्या, उद्यापासनं येऊ नका. आणि ह्या एमआयडीसीत तुम्हाला दुसरं कोण काम देतंय तेबी बघतो." तात्यांनी ओळंबा उचलला, दोरी बोटांवर गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मग थापी. मग टेप. साहेब तिकडं पेढा खात होते. खरंच खात होते.

माझ्या हातात गुंडाळी होती. मी पाण्याच्या टाकीवर तोच कागद पसरला आणि म्हटलं, "साहेब, एकदा पट्टी लावून दाखवा ना. म्हणजे तात्यांनाही पटेल."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, थोडं कळलं त्यांना. म्हणाले, "आता कशाला? तुळया बघा आधी."

पण मालक जवळ आले. "दाखवा की साहेब. तुमचीच पट्टी हाय."

चाळीस माणसं बघत होती. साहेबांनी पट्टी काढली. पोटावर पुसली. कागदावर ठेवली. एक डोळा मिटला. आणि दीड वर्षात पहिल्यांदा आकडा आलाच नाही. डोळा मिटलेला तो मिटलेलाच. शेवटी सलीमभाई वाकले आणि त्यांनीच वाचलं.

"पाच ऐंशी."

क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं. साहेबांनी पट्टी खिशात ठेवली, कागद हातात घेऊन उन्हाकडं धरला आणि म्हणाले, "कागद आखडलाय. हितलं ऊन फार."

मी कसम खाऊन सांगते, हेच म्हणाले. तात्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मालकांनी मात्र बघितलं. "तात्या, पिशवी खाली ठेवा," ते म्हणाले. सलीमभाईंनी पिशवी हातातून घेतली आणि स्वतःच ओळंबा बाहेर काढून टाकीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन त्याच शेडचा नकाशा छापला, सगळ्या मापांसकट, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला. वाटलं, आता तरी काही बोलतील. म्हणाले, "आकडे काढ."

मी मशीन बंद केलं, दोन मोरांचं झाकण घातलं, बाहेर येऊन चपला घातल्या. पुढच्या आठवड्यापासून सलीमभाईंच्या वर्कशॉपात. साहेब अजून आहेत बारामतीत, पाटीही आहे. येणाऱ्याला सांगतात म्हणे की लोणी देवकरला कॉम्प्युटरनं घोटाळा केला होता.

पाये फोडून परत घालायचे होते, ते तात्यांनीच घातले. त्यांना नवा कागद द्यायला मीच गेले, ह्या वेळी एसटीतून उतरून. आकडे मुद्दाम मोठे टाकले होते. म्हटलं, "तात्या, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले, सहा, सहा, सहा, पार शेवटच्या खांबापर्यंत. मग घडी घालून टोपीत ठेवला.

"एवढंच व्हतं व्हय साहेबाच्या खिशात?" तात्या म्हणाले.