तांबडी कुणाकडे गेली

आमच्या संस्थेकडून घोडा दत्तक न्यायचा तर दोन पानी फॉर्म भरावा लागतो. पागा केवढी, बिबट्यासाठी जाळी लावली आहे का, पाणी बारा महिने पुरतं का, घोडा लग्नात नाचवणार नाही आणि शर्यतीत पळवणार नाही, असलं सगळं त्यात आहे. सातवा प्रश्न मी स्वतः घातलाय. 'मोकळा सोडल्यावर घोडा कुणाकडे जातो?' त्याचं उत्तर घरात बसून लिहायचं नाही. रानात एका बाजूला घेणारा उभा राहतो, दुसऱ्या बाजूला आमचं माणूस. दोघांचे हात रिकामे, खिसे रिकामे. दोघांनी हाक मारायची आणि घोडा घेणाऱ्याकडे गेला नाही तर घोडा द्यायचा नाही. या नियमाचा मला लई अभिमान. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो चहाबरोबर ऐकवते.

आणि हाच नियम मी मोडला. एकदाच मोडला, पण ठरवून मोडला.

डिंगोऱ्यात माझ्या वडिलांची जमीन आहे. रेसकोर्सच्या तबेल्यांत मी पुष्कळ वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं, आणि मग गावी येऊन शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांसाठी ही पागा बांधली. सोबत तबेल्यातले घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे सईस आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. गावाला सुरुवातीला काही उमजेना. लंगडी घोडी कोण सांभाळतं? "ताई, ही दूध किती देती?" असं विचारून पारावरची माणसं पोट धरून हसायची. मीही दोन शब्द परत ऐकवायची. माझं तोंड काही गोड नाही.

तांबडी आली तेव्हा तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर फाटलेली होती. कागदावर तिचं भलंमोठं इंग्रजी नाव होतं, आम्ही रंगावरून तांबडी म्हणायला लागलो. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं त्या पायावर थंड पाण्याची नळी धरायची, पट्टी बांधायची, इंजेक्शन द्यायचं, आणि मग दावं धरून पन्नास पावलं चालवायचं. हे सगळं मी केलं. मामांना हात लावू दिला नाही. थंडीत बोटं आखडली तरी नळी सोडली नाही. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. घोडी पाय टेकायला लागली, मग चालायला लागली. पण मी दारात दिसले की कान मागे पाडायची. तिच्या दृष्टीने मी म्हणजे सुई आणि गार पाणी.

मामा म्हणायचे, "जनावराला उपकार कळत नाय ताई, दुखलेलं कळतं." मला ते पटायचं. शेजारची वहिनी येईपर्यंत पटायचं.

वहिनी म्हणजे बांधापलीकडच्या घरची. मी गावची लेक, म्हणून ती मला वन्सं म्हणते. तिच्या नवऱ्याचे बैलगाडा शर्यतीचे बैल आहेत, बेल्ह्याच्या बाजारातून पारखून आणलेले. ती त्यांच्यासाठी लसूणघास कापायला बांधावर यायची आणि जाता जाता एक पेंढी तांबडीच्या पुढे टाकायची. मग तिथेच विळा टेकवून बसायची. काय बोलायची देव जाणे. सासूच्या तक्रारी सांगाव्यात तसं हळू आवाजात काहीतरी चालायचं, आणि माझी घोडी मान खाली घालून ऐकायची. कान पुढे.

पंधरा दिवसांत अशी गत झाली, की वहिनीच्या बांगड्या बांधावर वाजल्या की तांबडी खिंकाळायची. दीड वर्षात माझ्यासाठी एकदाही खिंकाळली नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुखणं काढलं मी, आणि लाडाला ही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी मामांना म्हणाले. मामांनी खरारा झटकला आणि दुसऱ्या घोड्याकडे गेले.

मी काय काय केलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. लसूणघासाने पोट फुगेल म्हणून वहिनीची पेंढी बंद केली. ती रिकाम्या हाताने यायला लागली. मग घोडीची चरायची वेळ बदलली. तर घोडी बांधाकडे तोंड करून उभी राहायची आणि दाण्याला तोंड लावायची नाही. मग मी वहिनीसारखं बसून बघितलं. विळा नव्हता, पण बसले. बोलायला काही सुचेना. शेवटी पट्टी कशी बांधायची असते ते तिला समजावून सांगितलं. तिने माझ्याकडे पाठ केली.

आणि एके दिवशी वहिनीने फॉर्म मागितला.

मी हसले. म्हटलं, "वहिनी, तुमच्या घरी बैलगाडा आहे. शर्यतीच्या घाटात बैलांच्या पुढे पळवायला घोडी लागते. आमची घोडी पळवायची नाही, हा पहिला नियम."

"आमच्या बैलांम्होरं भावकीतली घोडी पळती, वन्सं. ही लंगडी घेऊन त्ये काय करत्याल?" ती म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बैल त्यांचं. त्यांचं बॅनर लागत्यात गावात, फोटोसकट. म्हशी सासूबाईंच्या. रान मामंजींचं. मला वाटलं, एक जनावर माजं म्हनून आसावं."

यावर कुणीही हो म्हटलं असतं. मी म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे नाहीच. त्याच आठवड्यात मी मढच्या बाजूला फार्महाऊस असलेल्या एका कुटुंबाला फोन केला. माणसं सभ्य होती, जागा मोठी होती, महिन्यातून दोनदा यायची. तांबडीला मढला पाठवलं की ती माझी राहिली नसती, पण वहिनीचीही झाली नसती. मला तेवढं पुरत होतं. मनाला सांगितलं, घोडीच्या भल्यासाठी करतेय.

मामांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "वहिनींचा फॉर्म आधी आलाय. सातवा प्रश्न कोरा हाय. नियम तुमचा हाय का माजा?"

मग नाइलाज झाला. दिवस ठरला. एरवी आमच्या बाजूने मामा उभे राहतात. मी म्हटलं, या वेळी मी राहणार. सकाळी स्वयंपाकघरात गुळाचा डबा समोर होता. एक खडा फोडला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. चांगला मोठा खडा घेतला.

कांदा काढलेलं रान मोकळं होतं. वहिनी धुतलेलं लुगडं नेसून आली होती, तळहात उघडे करून मामांना दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे. मला कुणी हात दाखवायला सांगितलं नाही. नियम करणाऱ्याला कोण तपासणार? आम्ही तीस-तीस पावलांवर उभ्या राहिलो. मामांनी घोडीच्या तोंडावरची मोहरकी काढली आणि बाजूला झाले.

"ये गं बाय," वहिनी म्हणाली, नेहमीच्या हळू आवाजात.

मी हाक मारली आणि हात खिशातून बाहेर काढला. वारा माझ्या पाठीकडून होता. तांबडीने नाक वर केलं, थबकली, आणि सरळ माझ्याकडे चालत आली. माझ्या तळव्यावर तिचे ओठ टेकले. ऊन, मऊ, दीड वर्षात पहिल्यांदा आपणहून टेकलेले. मला रडू आलं. खोटं करून मिळवलेलं आहे हे ठाऊक असूनही आलं.

वहिनीने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं झालं वन्सं. मनात किंतू व्हता, त्यो गेला. तुमचीच हाय." आणि वळून बांधाकडे निघाली.

ती दहा पावलं गेली असेल. तांबडीच्या तोंडात गूळ तसाच होता. तिने मान वर केली, खिंकाळली, आणि माझा हात सोडून वहिनीच्या मागे निघाली. चालत नाही, दुडकत. त्या डाव्या पायावर, जो मी बोट-बोट बरा केला होता, त्यावर ती पहिल्यांदा आपल्या मनाने पळाली. वहिनीच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. वहिनी मागे न बघता म्हणत होती, "जा माघारी. वन्सं रागावत्याल. जा."

मामा माझ्या हाताकडे बघत होते. हात चिकट झाला होता. मी तो कुर्त्याला पुसला तर कुर्ताही चिकट झाला.

मी बांधापर्यंत गेले. "वहिनी, माझ्या खिशात गूळ होता."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी खिशातनं हात काढला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ती घोडीच्या कपाळावरचे केस बाजूला करत राहिली. "तुमी तिचं येवढं केलं, आन ती तुमच्याकडं कधी आली न्हाई. म्या रोज बघत व्हते की. म्हटलं, आज आली तर येऊ द्यावं."

मला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. तिने माझी कीव केली होती, आणि तीही इतके दिवस, बांधावर बसून. मी परत आले, पायरीवर बसले आणि सातव्या ओळीत तिचं नाव लिहिलं. सही करताना कागद फाटेपर्यंत पेन दाबलं. मामांनी मढला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

तांबडी आता बांधापलीकडे असते. फॉर्ममध्ये मी एक वाक्य वाढवलंय, की हाक मारणाऱ्या दोघांचेही खिसे मामा तपासतील. पाहुणे विचारतात, असं का? मी सांगत नाही. सकाळी लसूणघासाची पेंढी घेऊन बांधावर जाते, वहिनीची परवानगी घेऊन. माझ्याही हातात बांगड्या आहेत, मुद्दाम वाजवून बघते. तांबडी मान वर करते, कोण आलंय ते बघते, आणि परत चरायला लागते.